डमडमची पुढची खोली

शेवटचा साधा दिवस रविवारचा होता आणि तो भांडणात गेला. पुढे नूपुरला त्या दिवसातलं काहीतरी गोड आठवावं असं फार वाटे, पण तसं काही त्यात नव्हतंच.

डमडमला नव्याने घेतलेल्या घरात तिघं मोजमाप करत होती. घर एकमजली, जुनं, गल्लीच्या तोंडाशी. विकणाऱ्याने भिंतींना घाईने रंग फासला होता, पण खालून कमरेइतक्या उंचीपर्यंत खार फुटून त्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले होते. बंगालीत याला ‘नोना’ म्हणतात, आणि कोलकात्यात जुनं घर घेणाऱ्याला बाकी बंगाली आलं नाही तरी हा शब्द शिकावाच लागतो. नूपुरचे वडील श्यामराव उकिडवे बसून ती भिंत नखाने कोरत होते. सरकारी कंपनीतले निवृत्त इंजिनिअर. तरुणपणी बदली होऊन इथे आले ते इथेच राहिले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली माणसं उरली नव्हती, घरातल्या दोघी सोडून.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक त्यांनीच केलं होतं. नोना काढून गिलावा, वायरिंग, नळ, न्हाणीघर, रंग, आणि सगळ्यात खाली ‘अनपेक्षित’ असा एक रकाना. पैसा कुणाचा हा विषय घरात कुणी काढत नसे. कर्ज नूपुरने काढलं होतं. ती एका कॉलेजात इतिहास शिकवायची. सुरुवातीची रक्कम तिच्या आईच्या, सुचित्राबाईंच्या, शाळेतल्या प्रॉव्हिडंट फंडाची. श्यामरावांच्या वयाला बँक कर्ज देईना, म्हणून खरेदीखतही नूपुरच्याच नावाने झालं. तरी पेन्सिल श्यामरावांच्या हातात होती, आणि खोडरबरही.

सुचित्राबाईंचं मागणं एकच होतं. स्वयंपाकघर पुढच्या खोलीत हवं. बालीगंजच्या भाड्याच्या घरात त्यांचा जन्म गेला तो खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात. भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि भिंतीपलीकडे वरच्या मजल्यांचे पाइप घळघळत. डमडमच्या पुढच्या खोलीला गल्लीवर उघडणारी रुंद खिडकी होती. भाजी चिरताना माणसं दिसली पाहिजेत, इतकंच त्यांचं म्हणणं. पण नुसतं ‘मला हवं’ म्हणून या घरात काही मिळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी शास्त्राचा आधार घेतला. पुढची खोली आग्नेयेला येते आणि चूल आग्नेयेला असावी, असं त्या म्हणाल्या.

“तू कधीपासून वास्तुशास्त्र मानायला लागलीस?” श्यामराव भिंतीकडेच बघत म्हणाले. “देवापुढे दिवा लावायचा म्हटलं की तुला पेपर वाचायचा असतो.”

“घर घेतल्यापासून मानते.”

नूपुरला हसू आलं. श्यामरावांना आलं नाही. मोरीचा उतार, पाण्याची लाइन, नवा ओटा असं एकेक त्यांनी ऐकवलं. ठेकेदार हालदारबाबू मध्येच म्हणाला की गटार गल्लीच्याच बाजूला आहे, काम तसं अवघड नाही. श्यामरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फीत गुंडाळत अंगणात निघून गेला. पुढे बैठकीची खोलीच हवी, ते म्हणाले. चार लोक आले तर त्यांना काय फोडणीच्या वासात बसवायचं?

“कोण लोक?” सुचित्राबाईंनी विचारलं.

तो प्रश्न त्यांना महागात पडला. बालीगंजच्या घरी दिवाळीच्या फराळालाही अलीकडे कुणी येत नसे, आणि का येत नसे हे तिघांनाही माहीत होतं. श्यामराव उठले, पँटचे गुडघे झटकले आणि म्हणाले, “तू घर चालवलंस, सुचित्रा. बांधलं नाहीस. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये.” मग त्यांनी कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवून स्वयंपाकघर हलवण्याचा तात्पुरता मांडलेला आकडा खोडला आणि तो ‘अनपेक्षित’मध्ये मिळवून टाकला.

सुचित्राबाई “बरं” म्हणाल्या. त्यांचे ‘बरं’ अनेक होते आणि नूपुरला ते सगळे ओळखता येत. हा संपलेला ‘बरं’ होता.

सियालदहला गाडी बदलताना श्यामराव नेहमीसारखे दहा पावलं पुढे चालत होते. गर्दीतून वाट काढत नूपुर म्हणाली, की घरी गेल्यावर मी बोलते त्यांच्याशी. आईने तिचं कोपर धरलं. “तू मध्ये पडू नकोस गं. त्यांचं डोकं फिरलं की निस्तरावं मला लागतं.” हे ती नूपुर शाळेत असल्यापासून सांगत आली होती, आणि नूपुरने ते इतक्या निष्ठेने पाळलं होतं की कॉलेजात विभागप्रमुखाशी तासभर वाद घालणारी ही बाई घरी मूग गिळून बसायची.

सोमवारी पहाटे सुचित्राबाई दूध तापवायला उठल्या आणि त्या खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरातच कोसळल्या. डॉक्टर आले तेव्हा त्यांना करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता.

नूपुरचा धाकटा भाऊ केयूर बायकोला, श्वेताला, घेऊन पुण्याहून आला. अग्नी त्याने दिला. मग सुतकाचे दिवस सुरू झाले. भेटायला येणारे येत, खुर्चीच्या कडेवर बसत, सुचित्राबाईंच्या शाळेच्या आठवणी काढत आणि श्यामरावांनी बोलायला तोंड उघडलं की घड्याळाकडे बघत. नूपुरने त्या दिवसांत रडणं पुढे ढकललं. घरात एवढी माणसं असताना तिला ते जमत नव्हतं.

एका संध्याकाळी लोक गेल्यावर श्यामरावांनी अंदाजपत्रकाचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यांनी एक तोड काढली होती. सुतक संपलं की घरात उदकशांत करायचीच असते. मंत्र म्हणून कलशातलं पाणी घरभर शिंपडायचं, की घर शुद्ध. आता नव्या घरात शिरतानाही पुष्कळ लोक मोठ्या वास्तुशांतीऐवजी उदकशांतच करतात. मग ही उदकशांत डमडमलाच करू. कोलकात्यातल्या मराठी घरांना मिळून गुरुजी एकच, आणि तेही महिनाअखेर गावी चालले आहेत. नाहीतर घरात मृत्यू झाल्यावर वर्षभर वास्तुशांत करता येत नाही. तोवर इकडे भाडं आणि तिकडे हप्ता असं दोन्ही भरत बसावं लागेल.

“गुरुजी एक, पाणी एक, जेवणावळही एकच,” ते म्हणाले. “तिच्या दिवसांचा खर्च मी ‘अनपेक्षित’मध्ये घेतलाय. त्यात बसतो.”

श्वेताने मान खाली घातली. केयूर म्हणाला की प्रॅक्टिकल आहे तसं. नूपुरला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. आईचे दिवस आणि नव्या घराचा प्रवेश एकाच स्वयंपाकात, एकाच पंगतीत? लोकांनी जिलबी खाताना सांत्वन करायचं की अभिनंदन?

तिने एवढंच विचारलं, “आणि आईचं पुढचं स्वयंपाकघर?”

“आता कुणासाठी?” श्यामराव म्हणाले. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच उत्तर दिसत नव्हतं, आणि नूपुरला तेच जास्त लागलं.

नंतर केयूरने तिला गॅलरीत गाठलं. बाबा आतून खचलेत, हिशेबात मन गुंतवतायत, तेवढंच. तू आता काही बोलू नकोस, असं तो समजुतीच्या सुरात सांगत राहिला. नूपुरने त्याच्याकडे निरखून पाहिलं. आई गेली, पण तिचं वाक्य घरातच राहिलं होतं, आणि ते म्हणायला नवा माणूस मिळाला होता. फरक इतकाच, की निस्तरायला तो इथे राहणार नव्हता.

“तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे?” तिने विचारलं.

“हे बघ ताई, टोमणे नकोत.”

“टोमणा नाही. विचारतेय.”

त्यानंतर भावाबहिणीत ‘चहा घेणार का’ यापलीकडे बोलणं झालं नाही. श्यामराव केयूरला घेऊन रोज डमडमला जायला लागले. उदकशांतीच्या आत मागच्या स्वयंपाकघराच्या फरशा आणि पुढची बैठक पुरी व्हायला हवी होती. हालदारबाबूने माणसं वाढवली. त्याचे फोन नूपुरला येत ते फक्त चेक केव्हा मिळेल हे विचारायला.

चेक द्यायलाच ती एक दिवस कॉलेजातून सरळ डमडमला गेली. गल्लीतून येताना तिला घर पटकन ओळखूच आलं नाही. पुढची खिडकी अर्धी नाहीशी झाली होती. गज काढून ठेवले होते आणि खालून निम्म्यापर्यंत विटा चढल्या होत्या, ओल्या सिमेंटच्या. आत भर दुपारी दिवा लावला होता.

हे काय चाललंय, तिने विचारलं. श्यामरावांनी उत्साहाने सांगितलं. सुचित्राबाईंचा मोठा फोटो करायला टाकलाय, चांगला हातभर उंच. अंगणाच्या दारातून शिरल्याबरोबर समोर दिसला पाहिजे, आणि समोरची भिंत तर हीच; खिडकीमुळे जागा मिळत नव्हती. मागच्या भिंतीला नोना आहे, तिथे फोटो खराब होईल. फोटोच्या वर एक दिवा घेऊ, पिवळा. सांगता सांगता त्यांचा आवाज किंचित कापला. नूपुरला तो कंप स्पष्ट ऐकू आला. म्हातारा खोटं बोलत नव्हता. बायको आठवत राहावी म्हणून तो तिची खिडकी बुजवत होता, आणि यात वावगं काय हे त्याला जन्मभर कुणी सांगितलं नव्हतं. तिला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

ती हालदारबाबूकडे वळली आणि बंगालीत म्हणाली की विटा काढा. सिमेंट ओलं आहे तोवर काढा, आणि स्वयंपाकघर या खोलीत येईल. हालदारबाबूने सवयीने ‘काकाबाबूं’कडे, म्हणजे श्यामरावांकडे, पाहिलं. नूपुरने विचारलं की चेकवर सही कुणाची असते? त्याने जरा विचार केला, थापी धुतली आणि माणसाला वरची ओळ उतरवायला सांगितली. त्याला काय, लावण्याचेही पैसे आणि काढण्याचेही.

“हात लावू नको विटेला,” श्यामराव बंगालीत ओरडले. मग नूपुरला म्हणाले, “तुला अक्कल आहे का? गुरुजींना दिवस कळवलाय. पन्नास माणसांना सांगितलंय.”

“मी कळवते सगळ्यांना. उदकशांत बालीगंजलाच होईल. आई जिथे गेली तिथे.”

“आणि वर्षभर दोन्हीकडे पैसे ओतायचे?”

“नाही. भाड्याचं घर महिनाअखेर सोडू. वास्तुशांत न करताच इथे राहायला येऊ.”

केयूर मध्ये पडला. घर नावावर आहे म्हणून ताई माज करतेय, म्हणाला. सह्या करणं वेगळं आणि घर करणं वेगळं, आणि बाबांचं या वयात असं नाक कापणं तिला शोभत नाही. नूपुरने त्याला पुरं बोलू दिलं.

“केयूर, तू पाहुणा आहेस,” ती म्हणाली. “पाहुण्यासारखा राहा.”

तो लाल झाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. खोलीत विटा सुटल्याचा ओला आवाज येत होता. श्यामरावांनी अंदाजपत्रकाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. त्यांना एवढ्या वर्षांत घरात कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “आणि मी? मी कुठे पडायचं? ते ठरवलंयस का?”

“मागची खोली तुमची. नोना काढून घेऊ, न्हाणीघर शेजारीच आहे. कॉट खिडकीशी बसेल.”

“उपकार करतेस?”

“नाही. तुम्ही वडील आहात. तुमचं औषधपाणी, जेवणखाण, सगळं मी बघणार.”

“तुझी आई असती,” श्यामराव म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज जुन्या ठिकाणी परत आला होता, “तर तिने तुला असं माझ्यासमोर बोलू दिलं नसतं.”

“नसतंच दिलं. तिने मला कधीच बोलू दिलं नाही. तुम्ही चिडलात तर तिला त्रास होईल, म्हणून मी गप्प बसायची. आता त्रास व्हायला ती नाही.”

हालदारबाबूचा माणूस वीट हातात घेऊन थांबला. मराठी कळत नसलं तरी खोलीतली हवा त्याला कळत असावी. नूपुरचा आवाज चढला नव्हता. वर्गात हजेरी घेताना असतो तसाच होता.

“बाबा, तुम्ही मला आवडत नाही,” ती म्हणाली. “लहान होते तेव्हापासून आवडत नाही.”