चादरीला हात लावायचा नाही

सात दिवस, तीन मोठी शहरं आणि आम्ही तिघी मैत्रिणी. एकाच हॉस्पिटलात आमची हयात गेली. सिस्टर ही खरोखरीची सिस्टर, लिफ्टवाली लिफ्ट चालवायची आणि मी वॉर्डातली मावशी, म्हणजे खाटा आवरायच्या, बेडपॅन द्यायचे आणि सगळ्यांची बोलणी खायची. तिघी एकाच वर्षी रिटायर झालो आणि निरोपाच्या हारासकट सहलीचं ठरवून टाकलं.

मला मात्र सहलीत एक काम उरकायचं होतं. तिसऱ्या शहरात माझा लेक राहतो. घर बंद कर आणि कायमची आमच्याकडे ये, म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. त्याच्याच इमारतीत सगळ्यांना पुरेल असा वरचा मोठा फ्लॅट भाड्याने मिळत होता आणि शनिवारपर्यंत मालकाला काय ते कळवायचं होतं. शुक्रवारी आम्ही तिघी त्याच्याकडे जेवायला जाणार, तेव्हा मी उत्तर द्यायचं. मला तिथे राहायला जायचं नव्हतं. पण एकुलत्या एका मुलाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, हे काही केल्या सुचत नव्हतं.

पहिलं शहर पाय चेपण्यात गेलं. दुसऱ्या शहरात सकाळी राजवाडा बघायला निघालो. निघण्याआधी मी सवयीप्रमाणे लॉजच्या खोलीतल्या तिन्ही खाटा आवरल्या, चादरींचे कोपरे घट्ट खोचले. सिस्टरने टॉवेलच्या घड्या घातल्या. लिफ्टवालीने मोरी पुसून कोरडी केली. राउंडच्या आधी जमिनीवर काही दिसायला नको, म्हणून बॅगा कपाटाच्या तळाशी ढकलल्या आणि किल्ली काउंटरवर देऊन बाहेर पडलो. कसला राउंड आणि कुणाचा, हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी परत येऊन बघतो तर माझ्या खाटेवर एक नवं जोडपं बिस्किटं खात बसलेलं. आम्हाला बघून ती पोरगी घाबरून उभीच राहिली.

खाली मॅनेजर घामाघूम झाला. "झाडणाऱ्या बाईने खोली रिकामी आहे म्हणून सांगितलं हो. माणूस राहिल्याची खूणच नव्हती."

"तीस वर्षांत डॉक्टरांनी असं सर्टिफिकेट दिलं नाही," सिस्टर म्हणाली. मग आम्ही जे हसत सुटलो, ते तिथल्या जिन्यावरच बसकण मारली. त्याने बिचाऱ्याने वरची ऐसपैस खोली दिली. तिथे पाऊल टाकताच सिस्टरने हुकूम सोडला, "उद्यापासून चादरीला कुणी हात लावायचा नाही." लिफ्टवाली तर चपलेसकट गादीवर आडवी झाली. लेकाचा रोजचा फोन आला, तेव्हा त्याला सगळं सांगताना हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

शुक्रवार उजाडला. लेकाचं घर छान, सून लाघवी, कशाला नावं ठेवायला जागा नाही. जेवणं झाल्यावर दोघी मैत्रिणी मुद्दामच गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. सून चहा टाकायला आत गेली. आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणत मी घसा साफ केला.

"ते वरच्या फ्लॅटचं..."

"तो सोडला मी," लेक म्हणाला. "कालच मालकाला नाही म्हणून सांगितलं."

मी विचारलं, "का रे?"

"परवा फोनवर किती हसत होतीस. बाबा गेल्यापासून तुझं असं हसणं ऐकलंच नव्हतं. आमच्याकडे आलीस की तू पाणीसुद्धा विचारून पितेस, आई. तुला तिथून उपटून इथे आणायचं माझ्या जिवावर आलं."

आठवडाभर जे बोलायला मी घाबरत होते, ते त्याने माझ्या आधी बोलून टाकलं होतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"राग आला का रे माझा?"

"नाही गं," म्हणत त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. लहानपणी इंजेक्शन घेताना तो असाच बसायचा, मान फिरवून, ओठ घट्ट मिटून, आणि दुखलं का विचारलं तर नाही म्हणायचा.

मी उठले आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.