तीन वेळा पोच

गुरुवारी दुपारी बळीराम गजभिये इंदोऱ्याच्या चौकात सिटी बसमधून उतरला, तेव्हा त्याच्या एका हातात हत्यारांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात उमरेडच्या बाजारातून घेतलेले शिंगाडे. घरासमोर माणसं बसलेली होती. त्याला वाटलं, शेजारच्या म्हाताऱ्याचं काही झालं असेल. तेवढ्यात त्याच्याच घरातून त्याची सासू रंभाबाई बाहेर आली. तिने आधी पिशवीकडे पाहिलं.

"शिंगाडे आनले का जवाई? आना. आता खाऊ घाला तिले."

त्याची बायको पंचफुला आत पांढऱ्या कपड्यात होती. बुधवारी सकाळी तिच्या छातीत कळ आली होती आणि दुपारी चारला सरकारी दवाखान्यात तिने प्राण सोडला होता. माणसं थांबली होती ती फक्त नवऱ्यासाठी.

"मले कोनी सांगतलंच नाही," बळीराम म्हणाला.

"सांगतलं नाही?" रंभाबाईचा आवाज चढला. "हा लहानू तीन खेपा सायकल हानत तुमच्या हापिसात गेला. तिन्ही खेपेले तिथल्या बाईनं सांगतलं, निरोप पोचला. कागद दाखवला त्याले. माही पोरगी जीव जाईपर्यंत दाराकडं पाहून राहिली होती. तुमी काहून नाही आले?"

शेजारचा लहानू मान खाली घालून उभा होता. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

बळीराम एका कोळसा वाहणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. कंपनीचं मोठं ऑफिस धंतोलीत आणि साइट उमरेडच्या पुढे खाणीजवळ. दोन्हीकडे एकेक टेलेक्स मशीन. इकडे टाइप केलं की तिकडे कागदावर छापून निघायचं. सोमवारी त्याला साइटवर धाडलं होतं ते तिथलं मशीन बिघडलं म्हणून. मंगळवारी त्याने ते नीट करून दिलं. मग साहेबांनी कळवलं, आलाच आहेस तर ट्रकांच्या वजनकाट्याचंही पाहून घे. म्हणून बुधवारी दिवसभर तो काट्यापाशी होता. टेलेक्सची खोली तिथून चाळीस पावलांवर होती आणि तिचं दार लावलेलं होतं.

आणि बुधवारी त्याने ते मशीन वाजताना ऐकलं होतं. एकदा अकराच्या पुढे, एकदा जेवणानंतर, एकदा तीनच्या सुमाराला. बंद दारामागून तो खडखडाट आला तेव्हा तो काट्याच्या खड्ड्यात उभा होता आणि त्याला बरं वाटलं होतं. आपण केलेलं काम चालू आहे म्हणून.

सातव्या दिवशी पंचफुलाच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळे जेवले. रंभाबाई जेवली नाही. त्याच्या घरचं पाणीही न पिता ती आपल्या गावच्या, पवनीच्या बसने गेली.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मॅनेजर मधुकररावांनी त्याच्यापुढे एक टाइप केलेला कागद सरकवला. साइटवरील मशीनची दुरुस्ती सदोष झाल्यामुळे निरोप छापला गेला नाही, असं त्यात होतं.

"वरून विचारणा झाली हो," मधुकरराव म्हणाले. "काहीतरी कारण लिहावंच लागतं. तुमच्यावर कारवाई नाही करणार आम्ही. सही करा."

"म्हंजे माह्या बायकोचा निरोप म्याच अडवला?"

"तसं कोण म्हणतंय, बळीराम? मशीनने अडवला."

"मशीन म्या नीट केलं होतं साहेब. सही नाही करत."

तो तिथून टेलेक्सवर बसणाऱ्या इंदूबाईंकडे गेला. त्यांनी त्या बुधवारचे तिन्ही कागद जपून ठेवले होते. प्रत्येकावर इंग्रजीत तेच होतं: बळीरामची बायको सिरियस, ताबडतोब पाठवा. प्रत्येकाच्या खाली साइटच्या मशीनचं नाव उमटलेलं होतं.

"पोच आली हो भाऊ," इंदूबाई रडवेल्या झाल्या. "तीनही वेळा आली. म्हणून तर मी ट्रंककॉल लावला नाही."

बळीरामने कागदाखालच्या त्या नावावरून बोट फिरवलं. ते नाव कसं येतं हे त्याला माहीत होतं. मशीनच्या पोटात एक छोटी चकती असते. समोरच्याने विचारलं की ती आपोआप फिरते आणि नाव पाठवते. मशीन चालू आहे, एवढंच त्यातून कळतं. कोणी वाचलं की नाही, हे त्या चकतीला ठाऊक नसतं. ही गोष्ट त्याने इतक्या वर्षांत कोणाला समजावून सांगितली नव्हती. कोणी विचारलीही नव्हती.

शनिवारी तो स्वतःची रजा टाकून साइटवर गेला. तिथला क्लार्क ओमप्रकाश त्याला पाहून खुर्चीतून उठला.

"अरे दादा, बहोत बुरा हुआ. पन सच बोलतो, आपल्याले काहीच नाही मिळालं. कसम से."

"मशीन उघड."

त्याने लाइन तपासली. रिबन पाहिली, एकेक अक्षर ठोकून पाहिलं. मग इंदूबाईंना तोच निरोप पुन्हा पाठवायला सांगितलं. त्या पाठवायला तयार होईनात, पण त्याने हट्ट धरला. बळीरामची बायको सिरियस. एकही अक्षर न चुकता स्वच्छ छापून आलं. मशीनमध्ये दोष नव्हता. तो तसाच ते पाहत बसला. एक वाजला तसा ओमप्रकाश डबा घेऊन उठला आणि जाता जाता, डोक्यावरची टोपी काढावी इतक्या सहज, त्याने मशीनवरचा कागदाचा रोल काढला आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

"हे काय करून राहिला गा तू?"

"काय? रोल? अरे, बाहेर ठेवला की ड्रायव्हर लोकं फाडून नेतात. हात पुसाले, चिवडा बांधाले. बडे साहब मलेच झाडतात. म्हनून खोलीबाहेर जातानी काढूनच ठेवतो. त्या बुधवारी त सकाळपासूनच बाहेर होतो, तेव्हाच काढला. पाच वाजता नागपूरचा रिपोर्ट येते, तेव्हा चढवतो."

"अन् मशीन चालूच?"

"बंद केलं तर तिकडून बोंब मारतात ना, पोच काहून येत नाही म्हनून."

बळीरामने मशीनवर हात ठेवला. थोड्याच दिवसांपूर्वी हे मशीन त्याने पुसून, तेल घालून दिलं होतं.

"त्या बुधवारचा पाच वाजताचा रिपोर्ट दे."

ओमप्रकाशने फाइल काढली. बळीरामने तो कागद उलटा केला. कागद नसला तरी मशीन ठोकतच राहतं, रिबनची शाई थेट रबरी रुळावर उमटते. नंतर कागद चढवला की ती त्याच्या पाठीला लागते. कोळशाच्या आकड्यांमागे काळसर, उलटी अक्षरं होती. रूळ ओळीगणिक फिरतो म्हणून तिन्ही निरोप वेगवेगळ्या जागी पडले होते. एक पार फरकाटला होता. दोन शाबूत होते.

कागद घेऊन तो बाहेर आला. काट्यावर एक ट्रक उभा होता. त्याच्या आरशापुढे त्याने कागद धरला आणि आरशात स्वतःचं नाव वाचलं.

"ए भाऊ, दाढी करून राहिला का?" ड्रायव्हर वरून ओरडला. मग बळीरामचं तोंड पाहून त्याने इंजिन बंद केलं.

सोमवारी मधुकररावांनी तो कागद खिडकीशी धरून दोनदा पाहिला. मशीनवरचा रोल काढू नये असं परिपत्रक त्यांनी तिथल्या तिथे टाइप करायला सांगितलं.

"दोष तुमचा नव्हता, मान्य. हा कागद ठेवून जा, फायलीला लावतो."

"मले पत्र पाह्यजे साहेब. कंपनीच्या शिक्क्याचं. निरोप बळीरामले मिळाला नाही, अन् त्यात त्याचा दोष नाही, असं."

"देऊ ना. पण मूळ कागद फायलीत असल्याशिवाय पत्र कसं निघेल? घ्या, पोच देतो तुम्हाला कागदाची."

"पोच?" बळीरामचा आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत गेला. तिथलं टायपिंग थांबलं. "पोच तर त्या दिवशीही आली होती साहेब. तीन डाव आली. माही बायको तुमच्या पोचेवर भरोसा ठेवून मेली. ठेवा तुमच्यापाशी ती पोच."

त्याने कागद घडी न घालता उचलला आणि निघाला.

पवनीला रंभाबाई अंगणात बसली होती. त्याने कागद आणि बरोबर आणलेला आरसा तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं. रोल काढायची सवय सांगितली, कुलूप सांगितलं. ओमप्रकाशला तिने घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. मग पदराने तोंड पुसलं.

"म्हंजे तुमाले कायीच मालूम नव्हतं?"

"नाही मामी."

ती उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. तो प्यायला. मग तिने ताट वाढलं. तो जेवला.

याला आता दोन महिने झाले. कंपनीचं पत्र निघालेलं नाही, कागद त्याच्या ट्रंकेत आहे. आणि त्या दिवशी चाळीस पावलांवरून मशीन वाजताना आपण तिन्ही वेळा ऐकलं होतं, हे रंभाबाईला सांगायचं अजून राहिलं आहे.