ओल्या लाकडाखाली एक सही

मित्रांनो, तळहातात मावेल एवढं मी एक जुनं यंत्र आहे. लाकडात पाणी किती, हे सांगणं माझं काम. माझ्या तोंडाशी दोन पोलादी सुया आहेत. त्या लाकडात रुतवल्या की माझ्या काचेवर आकडा उमटतो. आकडा मोठा तर लाकूड ओलं, लहान तर वाळलेलं. एवढंच मला कळतं.

कुठल्या कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले ते आठवत नाही. आठवते ती लुंबिनी. नांदेडच्या एका सल्लागार कंपनीत ती नुकतीच इंजिनीअर म्हणून लागली होती. लातूर जिल्ह्यात मुरुडच्या बाजूला लाकूड जाळून वीज करण्याचा एक प्रकल्प व्हायचा होता. तो चालेल का, रोज लागेल तेवढं लाकूड आसपास आहे का, हे आधी तपासायचं होतं. ते काम तिला मिळालं. तिने मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. तेवढ्या जिव्हाळ्याने मला पुन्हा कुणी हाताळलं नाही.

वाट दाखवायला केवळाबाई होत्या. जन्मभर सरपण गोळा केलेली बाई. कुठल्या ओढ्याला वेडी बाभूळ माजली आहे, कुठे सुबाभूळ आहे, सारं त्यांना तोंडपाठ. लुंबिनी खोडात माझ्या सुया रुतवायची, वहीत आकडा लिहायची आणि नमुना म्हणून बोटभर तुकडा कापून घ्यायची. बेचाळीस. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस.

केवळाबाई हसल्या. "पोरी, असल्या ओल्या लाकडानं माझी चूल पेटत न्हाई. तुझा कारखाना कसा पेटंल?"

"वाळलेलं किती मिळेल, मावशी?"

"वाळलेलं हाय कुठं? पडलं की बाया उचलून नेतात. तुराट्या असतात, पण त्या दोन-तीन महिने. मंग काय जाळणार?"

लुंबिनीने तेही लिहून घेतलं. महिनाभर हिंडून तिने अहवाल केला: एवढा मोठा प्रकल्प इथे चालणार नाही, केलाच तर याच्या चौथाईएवढा करावा, तोही लाकूड वाळवायला छप्पर बांधून.

तिचे साहेब अमरनाथ यांनी अहवाल वाचून बाजूला सारला. "लुंबिनी, जागा घेऊन झाली आहे. आता 'नाही' हे उत्तर कोण ऐकणार? तुझे नमुने गच्चीवर ऊन खाऊ देत आणि मग मोज."

बोटभर तुकडे आठ दिवस तापले. मी अठरा दाखवलं. मित्रांनो, मी खोटं बोललो नाही, पण तो आकडा त्या तुकड्यांचा होता, शिवारातल्या झाडांचा नव्हता. लुंबिनीने अहवालात ओल्या आकड्यांच्या जागी अठरा लिहिला, 'चालणार नाही'च्या जागी 'चालेल' लिहिलं. मग तिने सही केली.

प्रकल्प उभा राहिला आणि येणारं लाकूड तपासायला मला फाटकावर पाठवलं गेलं. पहिल्या महिन्यात पाहुण्यांपुढे माझं कौतुक झालं. मग लाकडाच्या गाड्या येऊ लागल्या आणि माझ्या काचेवर आकडे उमटू लागले. चाळीस, पंचेचाळीस. ओलं लाकूड परत पाठवलं तर भट्टी विझणार, म्हणून मुकादमाने मलाच फाटकावरच्या टेबलाच्या खणात टाकलं; पुढचं मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं. वेडी बाभूळ वर्षभरात संपली. मग बांधावरचे कडुलिंब आले, चिंचेची झाडं आली. चिंचेच्या बुंध्यांना अजून पालवी चिकटलेली असायची.

केवळाबाईंना आता सरपण मिळेना. त्या याच प्रकल्पात रोजाने लागल्या, लाकडाच्या तुकड्यांचा ढीग वरखाली करायला. ओल्या तुकड्यांचा मोठा ढीग साचून राहिला की आतून आपोआप तापतो. एका दुपारी त्यांनी मुकादमाला सांगितलं, "ढीग आतून धुमसून राहिला. पायाला चटका बसतोय."

"वाफ आहे ती, बाई. चला, हात चालवा."

वरून ढीग जसाच्या तसा होता, आत जळून पोकळ झाला होता. केवळाबाई चार पावलं चढल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या. बायकांनी ओढून काढलं. सहाव्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला.

चौकशी बसली तेव्हा लुंबिनी स्वतःहून आली. मला खणातून काढून तिने टेबलावर ठेवलं. "अठरा हा आकडा वाळवलेल्या तुकड्यांचा आहे. झाडं ओली होती. मला माहीत होतं. सही माझीच आहे." तिची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

उघड्या दाराबाहेर केवळाबाईंची लेक राजकन्या उभी होती. तिने विचारलं, "माझ्या मायला ठाऊक होतं. तुम्हालाबी ठाऊक होतं. मंग सही कामून केली, ताई?"

एवढं विचारून राजकन्या निघून गेली.

आता मी पुरावा म्हणून एका लाखबंद पाकिटात, कचेरीच्या कपाटात पडून आहे. माझा सेल गळतो आहे, सुया गंजल्या आहेत. प्रकल्प बंद आहे. बांध उघडे पडले आहेत.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शिकून असल्या कागदांवर सह्या करील. माझ्यासारखी यंत्रं जपा, पण नुसत्या आमच्या आकड्यावर विसंबू नका. ते लाकूड कुठून आणलं ते विचारा. आणि त्या ढिगावर कोण चढणार आहे, तिचं नाव सही करण्याआधी विचारा.