समेटाचा प्याला

हायडेलबर्गच्या टेकडीवरच्या त्या घरी वार्षिक जेवणाला उज्ज्वल दरवर्षी येत असे. या खेपेला मात्र त्याने सोबत पाहुणा आणला होता. ज्या माणसाला कधी माफ करायचं नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, त्या विनयलाच गाडीत शेजारी बसवून तो इंगोलश्टाटहून आला होता.

काही वर्षांपूर्वी दोघं याच शहरात शिकायला होते, एकाच फ्लॅटमध्ये. उज्ज्वलने खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला, त्या संध्याकाळी विनयने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "माझं तसं काही नाही रे. पण आई राहायला येणारे, आणि किचन एकच. तुझं तू बघ ना कुठंतरी." बाकीची मराठी मुलं ओट्याला टेकून बघत उभी होती.

खोली मिळाली ती या घरात. विद्यार्थ्यांची ही जुनी फर्बिंडुंग, म्हणजे बंधुसंघटना. एकदा सभासद झालं की मरेपर्यंत सभासद, आणि शिकून गेलेल्यांनी नव्यांना धरून राहायचं. टोप्या, छातीवर आडवी रंगीत फीत, बिअर. पंचशील पाळणारा उज्ज्वल सफरचंदाचा रस प्यायचा, त्याला कुणी हसलं नाही. त्याचा प्रबंध एका निवृत्त न्यायाधीशाने ओळ न् ओळ तपासून दिला. अपेंडिक्स फुटलं तेव्हा मुलं आळीपाळीने दवाखान्यात बसली. धम्मदीपाशी लग्न झालं तेव्हा त्यातले तिघं नागपूरच्या उन्हात लालबुंद होईतो वरातीत नाचले. नोकरी दिली ती डॉक्टर ब्रांट यांनी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे मालक, आणि इथलेच जुने सभासद.

आता विनयची नोकरी सुटली होती, व्हिसा संपत आला होता आणि त्याला ब्रांट यांच्या कारखान्यात शिरायचं होतं.

"तुझ्या टोपीवाल्यांपुढे जरा वजन टाक माझं," पायऱ्या चढताना तो म्हणाला. "भावासारखा आहे म्हण."

"पाहुणा कुठं भेटला ते उभं राहून सांगायचं असतं. खरं तेच सांगायचं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग जुना रूममेट म्हण. झालं."

"म्हणतो," उज्ज्वल म्हणाला.

विनय ते सगळं विसरूनच गेला होता. उज्ज्वलला सर्वांत जास्त तेच झोंबलं.

जेवण अर्ध्यावर आलं आणि उज्ज्वल उभा राहिला. स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ त्याने साध्या जर्मनमध्ये, आवाज न चढवता सांगितली. शब्दाला शब्द. ब्रांट यांना जात म्हणजे काय ते कळेना, तेही त्याने समजावलं. विनयचा काटा बशीवरच थांबला.

ब्रांट उठले. टेबलावर मांडलेलं भांडण टेबलावरच मिटवायचं, हा घराचा नियम. दोघांनी एका दमात प्याला रिकामा केला की विषय संपला. पुढे त्याचा उच्चारही करायचा नाही. "मग पाहुणा आपला," ब्रांट म्हणाले, "आणि त्याच्या कामाचं माझ्याकडे लागलं."

हा नियम उज्ज्वलला ठाऊक होता. त्या नियमासाठीच तर त्याने विनयला इथवर आणलं होतं.

विनयने लगेच प्याला उचलला. "चुकलंच रे माझं," तो मराठीत पुटपुटला. "घे ना. लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते."

उज्ज्वलने आपल्या ग्लासावर तळवा ठेवला.

ब्रांट यांना हे आवडलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "विचार केलायस?"

"हो," उज्ज्वल म्हणाला. "पुष्कळ दिवस."

ब्रांट यांनी स्वतःचा प्याला खाली ठेवला. आपल्या माणसाच्या 'नाही'पुढे पाहुण्याची बाजू घ्यायची नाही, हाही नियमच होता. "आल्झो, ठीक तर," ते विनयला म्हणाले, "जेवून जा. पण कामाचं माझ्याकडून होणार नाही."

विनय जेवला नाही. कोट अंगात चढवताना त्याची एक बाही उलटी झाली, ती तशीच ठेवून तो बाहेर पडला.

शेजाऱ्याने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. आता पश्चात्ताप होईल म्हणून उज्ज्वलने वाट पाहिली. तो झाला नाही. मग त्याने ग्लासावरचा हात काढला आणि रस एकट्याने, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.