वाघाच्या वर्षातल्या बायका

"फक्त एक गाठ," चष्मेवाला म्हणाला आणि लाल दोरा ओवलेली सुई त्याने लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या बाईपुढे धरली.

बाई एक पाऊल मागे सरली. हॉस्पिटलात सुई पुढे करणारा माणूस सहसा पांढऱ्या कोटात असतो. ह्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता आणि हातावर पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी होती. पट्टीवर लाल गाठींच्या रांगा होत्या. एका टोकाला दाट, आणि पुढे नुसतं कापड.

"कसली गाठ?"

"बायकोचं उद्या ऑपरेशन आहे. पोटाचं. हा पट्टा पोटाला बांधायचा असतो. हजार बायकांनी एकेक गाठ मारायची. जपानात सैनिक लढाईवर निघाला की त्याच्या घरच्या बायका रस्त्यात उभ्या राहून अशा गाठी गोळा करायच्या."

"मग त्याला गोळी लागायची नाही?"

चष्मेवाल्याने क्षणभर विचार केला. तो जुन्या जपानी लष्करी वस्तू जमवायचा, आणि त्या संग्रहाच्या बाबतीत खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"लागायची," तो म्हणाला.

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पर्स खांद्यावर सरकवली, सुई घेतली आणि त्याने दाखवलं तसा दोरा सुईभोवती गुंडाळून गाठ ओढली.

"माझ्या सासूबाईपण वरच आहेत," जाताना ती म्हणाली. "पण त्यांच्यासाठी हजार बायका जमवायच्या म्हणजे मला गाव बदलावं लागेल."

दुपार अशी चालली होती. झाडूवाल्या बाईने गाठ मारली, कँटीनवालीने मारली. बिलाच्या खिडकीतल्या मुलीने आधी "पावती फाडायची का?" असं विचारलं आणि मग मारली. एका म्हातारीने गाठ मारताना आपल्या मणक्याची सगळी हकिकत सांगितली, आणि तेवढ्यात तीन लिफ्ट भरून बायका निघून गेल्या. गाठी हजाराच्या जवळपासही नव्हत्या.

खांबाजवळच्या खुर्चीत त्याची मेहुणी थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. बायकोची मोठी बहीण. तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठे लोकसुद्धा.

"ताई, तुमची एक राहिलीय," तो म्हणाला.

"मी नाही मारणार."

"एकच."

"माझी बहीण आत पडलीय, आणि तुम्ही इथे शिवणाचा वर्ग काढलाय. ती काय रणगाड्यासमोर चाललीय का, सेनापती?"

सेनापती हे नाव ताईंनीच ठेवलं होतं, त्याचं कपाट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा. कपाटात जपानी साम्राज्याच्या काळातली पदकं होती. उगवत्या सूर्याचं, आठ किरणांचं. सोनेरी घारीचं. जखमी सैनिकाचा बिल्ला. प्रत्येकाची हलक्या लाकडाची पेटी, आणि पेट्या हाताळायला पांढरे हातमोजे. बायको म्हणायची, आमच्या घराण्यात युद्धात कुणी शिंकलंसुद्धा नाही, आणि पदकं कपाटभर. चष्मेवाला मात्र या बाबतीत फार कडक होता. एका पदकाच्या फितीतला एकच दोरा नंतरच्या काळातला निघाला, म्हणून त्याने ते पदक परत पाठवलं होतं. देणारा म्हणाला, कुणाला दिसतोय तो दोरा? चष्मेवाला म्हणाला, मला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बायकोच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे, सायकलची जुनी ट्यूब फुगते तशी. ती फुटायच्या आत आपण तिथे पोचायचं, बस. तोवर जोरात खोकायचं नाही, जोर द्यायचा नाही, हसायचंही नाही. सही घेताना त्यांनी त्याला दोनदा विचारलं, घरी आणखी कोण आहे? पहिल्यांदा त्याने "मेहुणी" असं सांगितलं. दुसऱ्यांदा त्याला प्रश्न कळला. तो खाली उतरला आणि समोरच्या दुकानातून पांढरं कापड आणि लाल दोऱ्याची रिळं घेऊन आला.

आता त्याला वाघ आठवला.

नियम असा होता की बारा प्राण्यांच्या जपानी वर्षांपैकी वाघाच्या वर्षी जन्मलेली बाई एक नाही, वयाइतक्या गाठी मारू शकते. कारण वाघ हजार कोस लांब गेला तरी परत येतो म्हणे. साठीची एक वाघीण सापडली की साठ गाठी. घरातल्या बायकांचे प्राणी त्याने आधीच तपासले होते. बायको ड्रॅगन, सासूबाई कोंबडा, ताई बैल. वाघ एकही नाही. घरात वावरताना असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा तो लिफ्टपाशी उभा राहून बायकांना जन्मसाल विचारू लागला.

थोड्याच वेळात वॉचमन आला.

"काका, तक्रार आलीय. तुम्ही बायकांना वय विचारताय."

"वय नाही. साल."

"त्यात काय फरक?"

"मला फक्त वाघ पाहिजेत."

वॉचमनने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "हे बघा, टेन्शनमध्ये माणसाचं होतं असं. पण विचारायचं नाही. नाहीतर मला तुम्हाला बाहेर बसवावं लागेल."

मग चष्मेवाल्याने विचारणं बंद केलं आणि तो बायकांच्या चष्म्यांकडे बघू लागला. जवळचं वाचायचा नंबर वयाबरोबर चढतो, आणि दुकानात आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासलेल्या माणसाला तो काचेच्या फुगीरपणावरून बऱ्यापैकी कळतो. बाई वय चोरेल, काच चोरत नाही. अमुक नंबरच्या आसपासची बाई दिसली की तो चार पावलं तिच्या मागे जायचा, मान वाकडी करून तिच्या चष्म्यात बघायचा आणि हळूच म्हणायचा, "तुम्ही वाघाच्या आहात का?"

वॉचमन परत आला. या वेळी त्याने टोपी काढली नाही.

त्याला बायकोच्या वॉर्डमध्ये नेऊन बसवण्यात आलं.

बायको उताणी पडली होती. तिने डोळे छताकडेच ठेवले.

"अहो, हे मी काय ऐकतेय? बायकांच्या मागे लागलात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वॉचमनने सिस्टरला, सिस्टरने मला. इतकी वर्षं घरात बसून डबड्या पुसल्यात, आणि आज पाय फुटले." तिचे ओठ थरथरले. तिने चादर मुठीत धरली. "मला हसायला बंदी आहे हो. असलं काही करत जाऊ नका."

"बरं."

"आणि नवा कशाला शिवताय? घरी तयार आहे ना एक. काचेच्या चौकटीतला. तो आणा."

"तो नको."

"का? माझं रक्त लागेल म्हणून?"

"रक्त आहेच त्याला," चष्मेवाला म्हणाला.

तो पट्टा मिळाला त्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं होतं. कापड पिवळं पडलेलं, गाठी सगळ्या शाबूत, आणि एका बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग. बाकीच्या संग्राहकांनी फोन करून अभिनंदन केलं होतं. डागामुळे पट्टा अस्सल ठरतो. डाग नसता तर कुणी विचारलंही नसतं. आज लिफ्टपाशी उभं असताना त्याच्या डोक्यात आलं होतं की ज्याचा पट्टा चालला तो माणूस घरी परत आला असणार, पट्टा सोडून आंघोळ केली असणार, आणि बायकोने पुढे त्याचं फडकं केलं असणार. कपाटात येतात ते न चाललेले. हौसेने, हातमोजे घालून, त्याने ते जमवले होते. आणि ते सैनिक ज्यांच्या गावांत घुसले, तिथल्या बायकांनी कुणासाठी किती गाठी मारल्या, ते तर कुठल्याच कपाटात मिळत नाही.

त्याने नव्या पट्टीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मग हा तरी चालेल का?" बायकोने विचारलं.

"हा अजून कुठे गेलेला नाही."

बायकोने हात पुढे केला. त्याला वाटलं पट्टी मागतेय, म्हणून त्याने पट्टी दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि त्याचा हात धरला.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने मान हलवली. नंतर त्याच्या लक्षात आलं की ती छताकडे बघतेय, तिला मान हलवलेली दिसली नसणार. म्हणून तो म्हणाला, "मलापण." हे बोलायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं. पण तिची पकड थोडी सैल झाली.

सकाळी तिला न्यायला आले तेव्हा पट्टा तिच्या पोटावर होता. रात्रपाळीच्या सिस्टरांनी जाता जाता, आणि दिवसपाळीच्या सिस्टरांनी येता येता गाठी मारल्या होत्या. तरी अर्ध्याहून जास्त कापड कोरं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हिरव्या टोपीतल्या सिस्टरने चादर वर केली.

"हे काय? आत काही न्यायचं नाही. मंगळसूत्र नाही, दोरा नाही, काही नाही."

तिने पट्टा सोडला आणि त्याच्या हातात दिला. तो अजून कोमट होता.

"पुरा झाला का?" बायकोने स्ट्रेचरवरून विचारलं.

खोटं बोलायला ही चांगली वेळ होती. चष्मेवाल्याने तोंड उघडलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग बसून काय राहताय?" ती म्हणाली, आणि दार मिटलं.

त्या मजल्यावर कुणी येत नव्हतं. लिफ्टसुद्धा तिथे थांबायची नाही, वर निघून जायची. पॅसेजमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीत चष्मेवाला बसला, मांडीवर पट्टा. दुसरीत ताई. ताईंनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. दारावरचा लाल दिवा लागला.

"आणा इकडे," ताई म्हणाल्या.

"काय?"

"ते तुमचं धुणं. आणा."

त्याने पट्टा दिला. ताईंनी नाकावर चष्मा चढवला. तो त्यानेच बनवलेला होता. त्यांनी एक गाठ मारली. नीट, घट्ट. मग दुसरीसाठी सुई खुपसली.

"ताई, एकच," चष्मेवाला म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

ताईंनी वर पाहिलं. चष्म्यामागे त्यांचे डोळे मोठे दिसत होते, आणि रात्रभर त्यांचं काय झालं होतं तेही दिसत होतं.

"मी वाघाची आहे," त्या म्हणाल्या.

ताई बायकोपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. ड्रॅगनच्या मागे ससा, सशाच्या मागे वाघ, वाघाच्या मागे बैल. बोटावर मोजायचा हिशोब होता.

"शाळेत घालताना बाबांनी साल वेगळं लावलं होतं माझं," ताई त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाल्या. "घरात कुणाला माहीत नाही. तिलासुद्धा. तेव्हा वाघ."

चष्मेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. फितीतला दोरा पाहायचा तसंच पाहिलं. मग त्याने खिशातून नवं रीळ काढलं, हातभर दोरा तोडला, ओठांनी टोक ओलं केलं आणि दुसऱ्या सुईत ओवून ठेवला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तुमचा आवाजच तसा आहे."

"गप्प बसा."

ताई गाठी मारत राहिल्या. तो सवयीने मोजत राहिला. मध्येच दार उघडलं आणि एक सिस्टर पळत बाहेर आली. त्यांच्याकडे न बघता ती जिन्याने खाली गेली आणि तशीच पळत परत आली. हातात रक्ताच्या पिशव्या होत्या. दार मिटलं. ताईंची सुई कापडात अर्धी तशीच राहिली होती. चष्मेवाल्याने पट्टीचं कोरं टोक पुढे सरकवलं. सुई पुन्हा चालू लागली.

ताईंच्या वयाचा आकडा केव्हाच मागे पडला होता. त्यांनी स्वतः मानलेला, शाळेतला, खरा, सगळे. सासूबाईंचाही पडला. लाल दिवा चालूच होता.

"माझं वय झालं का हो?" मान वर न करता ताईंनी विचारलं. आवाज वाघाचा नव्हता.

"छे," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने पुढची सुई ओवली. "अजून पुष्कळ आहे."