खांदा, बाजू नमूद नाही

१९ ऑक्टोबर. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन, संध्याकाळी गार वारा.

मी एक कोड बोलतोय. आजाराचा कोड. एक अक्षर, पाच आकडे, मध्ये एक टिंब, एवढाच माझा देह. रुग्णाला काय झालंय ते डॉक्टर शब्दांत लिहितात, विमा कंपनीला ते आकड्यांत लागतं. खांद्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा आटला आणि ते आतल्या आत मरू लागलं, की आमच्या घराण्याची आठवण होते.

आम्ही तीन भाऊ. थोरला उजव्या खांद्याचा, मधला डाव्या खांद्याचा. मी धाकटा. माझ्यापुढे लिहिलेलं असतं, ‘कारण अज्ञात, खांदा, बाजू नमूद नाही.’

आमचा जन्म एका लांबलचक टेबलाभोवती झाला. पाण्याचे ग्लास, कपाळावर सरकवलेले चष्मे आणि भरपूर वादावादी. दोघे भाऊ ठरल्यावर कुणीतरी म्हणालं, “आणि बाजू कळलीच नाही तर?” त्या एका प्रश्नापोटी मी जन्मलो. कागद भिजला, फाइल गहाळ झाली, अशा अडीअडचणीला मी उपयोगी पडावं, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

पण मी ज्या इस्पितळात राहतो, तिथल्या संगणकाला एक खोड आहे. जो कोड जास्त वापरला जातो, तो यादीत वर सरकतो. आणि तळमजल्यावर, डॉक्टरांच्या शब्दांना कोड लावायच्या कोडिंगच्या खोलीत, माणसांनाही एक खोड होती. बाजू लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना चिठ्ठी पाठवून विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत फाइल थांबवायची, असा नियम होता. चिठ्ठी पाठवली की वरून बोलणी यायची. मला निवडलं की काहीच यायचं नाही, म्हणून ती मलाच निवडायची. असा मी शेवटच्या जागेवरून पहिल्या जागेवर आलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बोट आधी माझ्यावर यायचं. भाऊ खाली राहिले होते.

त्या १९ तारखेला एका रंगाऱ्याची फाइल आली. घरांची छतं रंगवणारा, डावखुरा माणूस. हाडात बारीक भोकं पाडून आतला दाब कमी करायचा, असं छोटंसं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, “हाडाचा गोळा गोल आहे तोवरच याचा उपयोग. एकदा खचला की संपलं.” विम्याची मंजुरी मात्र आधी हवी होती.

कोडिंगच्या बाईंनी फाइल दोनदा चाळली. डॉक्टरांनी नुसतं ‘खांदा’ लिहिलं होतं. एक्स-रे समोरच होता, पण एक्स-रे बघून बाजू ठरवायची मुभा तिथे बाईंना नव्हती. डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलंच धरायचं.

“बाजू लिहिलेली नाहीये हो,” त्या म्हणाल्या.

“मग पाठवा चिठ्ठी आणि खा बोलणी,” शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले. “नाहीतर घ्या तो वरचा. सगळ्यांना चालतो.”

आदल्याच दिवशी डॉक्टर त्यांच्यावर खेकसले होते, “मी ऑपरेशनं करू, की तुमच्या चिठ्ठ्यांना उत्तरं देत बसू?” बाईंचं बोट माझ्यावर क्षणभर थांबलं, आणि मग टेकलं. मला ओरडता आलं नसतं, कोडला तोंड नसतं. पण खरी गोष्ट अशी, की मला ओरडावंसं वाटलंही नाही.

नोव्हेंबर उजाडला तेव्हा विमा कंपनीकडून फाइल परत आली. ‘कोणता खांदा ते स्पष्ट करावे.’ रंगारी थोरल्या बहिणीला घेऊन कोडिंगच्या खोलीच्या खिडकीशी आला. उजव्या हाताने त्याने डावं कोपर तोलून धरलं होतं.

“बाई, काय अडलंय?”

“कोणता खांदा, ते कागदावर नाहीये, दादा.”

त्याने आपल्या दोन्ही खांद्यांकडे पाहिलं. “चुकलंच माझं. दुसरा घरी ठेवून यायला हवा होता.”

“तुला चेष्टा कसली सुचते रे?” बहीण करवादली. “बाई, याला कूस बदलता येत नाही. शर्ट मी घालून देते, लहानपणी घालायचे तसा. हा खांदा, हा! आंधळ्यालाही दिसेल. लिहून टाका ना.”

“मला लिहिता येत नाही, ताई. डॉक्टरांनीच लिहायला हवं, आणि ते परगावी गेलेत. आले की मी स्वतः जाते.”

मी पडद्यावर उघडाच होतो. माझ्यात दोन गोष्टी ठाऊक नाहीत असं लिहिलंय. हाड का मरतंय, हे खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं. पण बाजू? ती डॉक्टरांना ठाऊक होती, बाईंना ठाऊक होती, खिडकीमागच्या रांगेलाही एव्हाना कळली होती. फक्त मी तेवढा ‘नमूद नाही’ म्हणत बसलो होतो.

डॉक्टर परतल्या दिवशी बाई जिने चढून गेल्या. परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि काकांना म्हणाल्या, “एक शब्द लिहायचा होता. उभ्या उभ्या लिहिला त्यांनी. रागावलेसुद्धा नाहीत. मी तेव्हाच का नाही हो गेले?”

बाईंनी मला पुसलं आणि मधल्या भावाला बसवलं. मंजुरी आली. ऑपरेशनआधी नवा एक्स-रे काढला, तेव्हा गोळा एका बाजूने खचलेला दिसला. आता भोकं पाडून भागणार नव्हतं, सांधाच बदलावा लागणार होता. “आधी केलं असतं तरी वाचलाच असता, असं छातीठोक सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. या वाक्याआड लपायचा मी पुष्कळ प्रयत्न करतो. अंग बाहेर राहतंच.

बाई आता बाजू विचारल्याशिवाय फाइल पुढे सोडत नाहीत. बाकीच्या टेबलांची खोड मात्र तीच, आणि यादीत मी अजून पहिलाच आहे. कोड निवडणाऱ्यांनो, मला मिटवू नका. कधीतरी खरंच बाजू कळणार नाही, तेव्हा या माझ्याकडे. पण रुग्ण खिडकीशी उभा असताना मला हात लावू नका. मला ‘नाही’ म्हणता येत नाही.

११ मार्च. निरभ्र आकाश, उन्हाचा चटका. रंगारी तपासणीला आला होता. डावा सांधा बदललेला. दुखणं थांबलं. हात खांद्याच्या रेषेपर्यंत वर जातो. त्याच्या वर जात नाही.