जाळीवरचा कागद

“बंद कर,” मास्तर म्हणाले.

वायरमन हसला. “मास्तर, चालू असतानाच बघा की. भन्नाट फिरतोय.”

“चालू असताना काय कपाळ दिसणार? बंद कर म्हणतोय ना!”

मास्तर कुणावर ओरडत नसत. वायरमनचं हसू विरलं आणि त्याने पेटीतला खटका खाली ओढला.

कारखान्याच्या छपरावर ते दोघेच होते. समोर पत्र्याच्या गोल खोक्यात बसवलेला मोठा पंखा होता. खाली घासणखोलीत सहा बायका दिवसभर दगडी फळ्यांच्या कडा घासत. त्या घासण्यातून पिठासारखी बारीक धूळ उडे आणि ती धूळ नळीतून वर खेचून बाहेर टाकणं हे या पंख्याचं काम. पंख्याची पाती खोक्यात झाकलेली असतात, बाहेर फक्त पुली दिसते. वेगात असताना ती पुली म्हणजे एक करडी थाळी. वेग मोडायला लागला की मग तिच्यावरचे ओरखडे, गंज, डाग एकेक करून दिसायला लागतात.

फार वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्या पुलीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला होता. आता पुली रेंगाळली तसा तो ठिपका डोळ्यांत भरला. तो वरून डावीकडे उतरत होता. खालून फिरून वर आला, पुन्हा डावीकडे उतरला, आणि थांबला.

“उजवीकडे उतरायला हवा होता,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे पंखा उलटा फिरतोय. जळलेली मोटर भरून आणली तेव्हा तारा कुणी जोडल्या?”

“मीच. पण मास्तर, तीन तारांची मोटर आहे. कशाही जोडल्या तरी फिरते.”

“फिरते. कुठल्या बाजूला फिरते ते बघायचं असतं. दोन तारांची अदलाबदल झाली की उलटी फिरते. बाण नाही बघितलास?”

“कुठला बाण?”

मास्तर खोक्याजवळ गेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी ते पहिल्यांदाच ही शिडी चढले होते. खोक्यावर कुठेही बाण नव्हता. सगळीकडे गुळगुळीत राखाडी रंग होता, तपासणीचे लोक येणार म्हणून मारलेला. मास्तरांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि ते रंग खरवडायला लागले. किल्ली पत्र्यावर कर्रकर्र वाजत होती. वायरमन म्हणाला, “राहू द्या, मास्तर, मी पॉलिशपेपर आणतो,” पण त्यांचा हात थांबला नाही. राखाडी पापुद्रे निघत गेले आणि खालून लाल बाणाचं टोक दिसलं. मग दांडा. बाण उजवीकडे होता.

वायरमनने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “आई शप्पथ, मास्तर. पण हवा तर खेचत होता! मी खाली जाऊन कागद बघितला होता. चिकटला होता.”

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. नखात रंग गेला होता, तो ते काढायला लागले.

*

मास्तर हे त्यांचं नाव नव्हतं आणि ते शाळेत शिकवतही नव्हते. ते कारखान्यातले पंखे, नळ्या आणि पंप सांभाळत. पण वाऱ्याबद्दल कुणी काही विचारलं की हातातलं काम ठेवून समजावत बसत, म्हणून हे नाव पडलं. “हवा दिसत नाही,” ते म्हणत, “पण ती खूण ठेवते. खूण बघायला शिका.”

खूण म्हणजे कागदाची पट्टी. घासणखोलीत प्रत्येक टेबलामागे नळीचं रुंद तोंड होतं आणि त्याला जाळी होती. सुरुवातीला मास्तर बायकांना सांगत की सकाळी पंखा लावला की कागदाची पट्टी जाळीपासून वीतभर अंतरावर धरा. ती जाळीकडे ओढली गेली तर पंखा ठीक. पण सकाळची घाई. पट्टी सापडायची नाही, पुन्हा हातमोजे काढायचे. बायका कुरकुरल्या. तेव्हा मास्तरांनीच तोड काढली. सहा पट्ट्या कापून सहा जाळ्यांना वरच्या बाजूने बांधून टाकल्या. पंखा लावला की पट्टी जाळीला चिकटते. लांबून नुसती नजर टाकली की झालं. त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते. सगळ्या कारखान्यात सांगत फिरले.

आता, नखातला रंग काढताना, त्यांना दिसत होतं की त्या दिवशी आपण काय करून ठेवलं.

छताचा पंखा उलटा फिरला तर तो वारा वर फेकतो, लगेच कळतं. हा पंखा तसा नाही. हा मधून हवा घेतो आणि कडेने फेकतो. उलटा फिरला तरी मधूनच घेतो आणि त्याच तोंडातून फेकतो, फक्त पात्यांचा बाक उलट पडतो. डाव पालथा धरून ढवळावं तसं. पातेल्यातलं हलतं, पण डावात फारसं काही येत नाही. हवा निम्म्याहूनही कमी होते. तेवढी हवा जाळीला टेकलेला कागद चिकटवायला पुरते. वीतभरावर उडालेली धूळ ओढायला पुरत नाही.

मास्तरांची धाकटी बहीण चौदा वर्षं त्या खोलीत तिसऱ्या टेबलावर होती. सहा महिन्यांपूर्वी, मास्तर गुडघ्याला पट्टा बांधून घरी पडले होते तेव्हा, ती भेटायला आली होती.

“दादा, हल्ली खोलीत धुकं असतं रे. समोरची बाई दिसत नाही.”

“कागद चिकटतो का?”

“चिकटतो.”

“मग पंखा ठीक आहे, ठमे. नवीन दगड भुसभुशीत असेल. मास्क घट्ट बांध.”

ती बरं म्हणाली होती. दादा म्हणतोय म्हणजे तसंच असणार. काल तिच्या छातीचा फोटो डॉक्टरांनी उजेडासमोर धरला तेव्हा त्यात पांढरे ठिपकेच ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, ही दगडाची धूळ आहे, ही बसली की निघत नाही. आणि म्हणाले, कारखान्याकडून लेखी आणा, धूळ खेचायची सोय किती दिवस बंद होती. ते कागदावर आलं तरच हा कामाचा आजार धरला जाईल. नाहीतर लोक म्हणतील, घरातच काहीतरी छातीत गेलं असेल.

*

मॅनेजरच्या खोलीचं दार सोडलं की आपोआप बंद व्हायचं. मास्तरांनी ते पायाने अडवून धरलं आणि सगळं सांगितलं.

मॅनेजर शांतपणे ऐकत होते. “आता सरळ केला ना?”

“केला. तारा बदलल्या.”

“शाबास. मग वहीत लिहा, आज नेहमीची देखभाल केली, पंखा व्यवस्थित.”

“आणि आठ महिने?”

“आठ महिन्यांचं काय?”

“आठ महिने तो उलटा फिरत होता, साहेब. मोटर भरून आणल्या दिवसापासून. बायका सांगत होत्या धुकं होतंय. तुम्ही म्हणालात खिडक्या बंद असतात म्हणून होतंय.”

“हे बघा मास्तर, बसा आधी. दार सोडा.” मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. “बाण पुसला तो रंगवणाऱ्याने. तारा जोडल्या वायरमनने. पोरगा नवीन आहे, बायको बाळंतीण आहे. त्याचा बळी द्यायचाय का?”

“त्याचं नाव नाही लिहिणार मी.”

“मग कुणाचं? माझं? मी रोज सकाळी विचारत होतो, पट्ट्या चिकटल्या का. रोज उत्तर यायचं, चिकटल्या. वहीत रोजची खूण आहे, आठही महिन्यांची. मी काय चुकलो?” ते पुढे वाकले. त्यांचा आवाज अगदी मायेचा झाला. “कागद तुमचा, मास्तर. तुम्हीच शिकवलात. उकरायला गेलात तर खाली तुम्हीच सापडाल. निवृत्तीला किती राहिले, चार महिने? सन्मानाने जा की.”

मास्तरांना टेबलावरची काच उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं, आणि त्याहून जास्त हे वाटलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याने सापळा लावला होता आणि त्यातला खिळा मास्तरांच्याच हातचा होता.

“वही द्या,” ते म्हणाले.

“असं शहाण्यासारखं...”

मास्तर उभ्यानेच लिहायला लागले. अक्षर नेहमी टपोरं काढत, आज पेन कागदात रुतत होतं. त्यांनी मोटर भरून आल्याची तारीख लिहिली, आजची तारीख लिहिली. मग लिहिलं: ‘या आठ महिन्यांत घासणखोलीचा पंखा उलटा फिरत होता. हवा निम्म्याहून कमी होती. बाणावर रंग मारला होता. बायकांनी धुळीची तक्रार केली होती, ती ऐकली गेली नाही. जाळीला कागद बांधायची पद्धत मी लावली. ती चुकीची आहे. उलट्या पंख्यालाही कागद चिकटतो. बहिणीने मला विचारलं तेव्हा मी पंखा न बघता ठीक आहे म्हणालो.’ आणि खाली पूर्ण सही केली.

त्यांनी मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला.

“हे काय करताय तुम्ही?” मॅनेजर उभे राहिले. “कळतंय का, कुणाच्या पायावर धोंडा पाडताय?”

“कळतंय,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर नीट वाचता येईल असं लिहिलंय.”

पाय काढताच दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

*

घासणखोलीत तिसरं टेबल रिकामं होतं. बाकीच्या पाचजणींनी घासणी बंद करून मास्क गळ्यात ओढले. सगळ्यांत वयस्कर होती तिला सगळे आत्या म्हणत. मास्तरांनी काही न लपवता सांगितलं. पंखा फिरून सुरू झाला होता आणि नळी आता खर्जात घुमत होती. तो आवाज ऐकून एकीने मान वर केली. आठ महिन्यांत तो आवाज नव्हता हे तिला आत्ता समजत होतं.

“म्हणजे रोज सकाळी आम्ही त्या चिंधीला बघून मान डोलवत होतो,” आत्या म्हणाली, “नंदीबैलासारख्या?”

“हो.”

“आणि तुम्ही आम्हाला शहाणं करत होता.”

“हो, आत्या.”

“मग आता काय, माफी मागायला आलात? माझी छाती धुऊन देणार आहे का तुमची माफी?”

“नाही. शिकवायला आलोय. आधी चुकीचं शिकवलं.”

“घ्या!” आत्याने हातमोजा टेबलावर आपटला. “यांची हौस फिटत नाही अजून!”

मास्तरांनी काडी पेटवली आणि हात लांब करून धरली. “विझवा फुंकून.”

आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. मग फुंकली. दोन हातांवरून काडी विझली. मास्तरांनी दुसरी पेटवली. “आता आत ओढून विझवा. श्वास आत घ्या.”

आत्याने श्वास ओढला. ज्योत हललीसुद्धा नाही. त्यांनी काडी जवळ नेली, आणखी जवळ. पार ओठांशी आली तेव्हा कुठे ज्योत वाकली.

“फुंकलेली हवा लांब जाते,” मास्तर म्हणाले. “ओढलेली हवा फक्त जवळून येते. म्हणून कागद जाळीला लावून काही कळत नाही. जिथे धूळ उडते तिथे धरायचा. तुमच्या हाताशी.” त्यांनी कात्री काढून पहिल्या जाळीवरची पट्टी कापली. मग दुसरी. दोनदा कात्री चुकली. “आणि कागद ओढला गेला नाही तर काम करायचं नाही. कुणीही सांगू दे. मी सांगितलं तरी नाही.”

आत्याने कात्री त्यांच्या हातातून घेतली. “द्या इकडे. बोट कापून घ्याल,” ती म्हणाली आणि उरलेल्या पट्ट्या तिने स्वतः कापल्या. माफ केल्यासारखं तिच्या तोंडावर काही नव्हतं. तिसऱ्या टेबलाची पट्टी तिने मास्तरांच्या हातावर ठेवली. धुळीने ती पांढऱ्याची राखाडी झाली होती.

*

ऊन उतरताना मास्तर बहिणीकडे गेले. ती दोन उशांना टेकून बसली होती. त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने वहीचं पान वाचलं, बोटाने मोठं करून पुन्हा वाचलं.

“शेवटचं वाक्य कशाला लिहिलंस?”

“खरं आहे म्हणून.”

“खरं तर आहेच.” तिला खोकला आला. “मला राग येतोय दादा तुझा. खूप. तू न बघता सांगितलंस. दुसरा कुणी म्हणाला असता तर मी भांडले असते, छपरावर चढले असते. तू म्हणालास म्हणून गप्प बसले.”

“रागव.”

“दम लागतो रागवायला.”

मास्तरांच्या मुठीत अजून ती पट्टी होती. बहिणीने ती बघितली.

“आण इकडे. आठवतं का तुला? मी पाच वर्षांची होते. तू म्हणालास, कागद खालच्या ओठाला लाव आणि वरून फुंक. मला वाटलं खाली जाईल. तो वर उचलला गेला. मी दिवसभर घरात तेच करत फिरत होते.”

“आईने मार दिला होता. दोघांना.”

“तुला जास्त.” ती हसली नाही, पण तिचा आवाज थोडा सैल झाला. “ही नको, धुळीची आहे. ती वही आण पोरीची.”

त्यांनी भाचीच्या वहीतलं मागचं कोरं पान फाडून दोन बोटं रुंद पट्टी काढली. बहिणीने ती खालच्या ओठाला लावली. पट्टीचं दुसरं टोक हनुवटीवरून खाली लोंबत होतं आणि छताच्या पंख्याच्या वाऱ्याने आपणहून हलत होतं, वर येत होतं.

तिने पट्टी काढली.

“पंखा बंद कर, दादा. खिडकी पण लाव. खोटी खूण नको.”

मास्तरांनी खिडकी लावली, बटण दाबलं आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत वर बघत राहिले. मग येऊन समोर बसले. खोलीत कशाचीच हालचाल नव्हती. बहिणीने पट्टी ओठाला लावली, दोन्ही हात गादीवर टेकले, जमेल तेवढा श्वास घेतला आणि फुंकर घातली.

पट्टी थरथरली. अर्ध्यापर्यंत वर आली, क्षणभर तिथे राहिली, आणि तिच्या हनुवटीवर पडली.

“किती आली?” तिने विचारलं. तिला स्वतःला दिसत नव्हतं.

मास्तरांनी तिच्या हनुवटीवरची पट्टी उचलली.

“अर्धी,” ते म्हणाले.